विदूषक माशाचे घरगुती प्रजनन

पोमासेंट्रिडी कुलातील अँफिप्रायॉन या प्रजातीच्या माशांची जोडी घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत जमवणे, तिची अंडी फुटेपर्यंत सांभाळणे आणि निघालेले डिंभ (अंड्यातून बाहेर पडणारी अपक्व अवस्था) रूपांतरणापर्यंत, म्हणजे माशाचे रूप येईपर्यंत, जगवणे, या सर्वांना मिळून ही संज्ञा लावतात. ज्यांचे संपूर्ण जीवनचक्र घरगुती टाकीत पुरे करता येते असे सागरी मासे थोडे आहेत व त्यांत हा अग्रक्रमाने येतो. याचे कारण मुख्यतः त्याच्या अंड्यांत आहे. प्रवाळभित्तीवरील अनेक मासे अतिसूक्ष्म, तरंगती अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. विदूषक मासा मात्र संख्येने कमी पण मोठी अंडी खडकाला चिकटवतो व त्यांची राखण करतो. त्यामुळे अंड्यातून बाहेर पडणाऱ्या डिंभाचे डोळे व तोंड काम करू लागलेले असते आणि तो थोड्याच वेळात भक्ष्य धरू शकतो. शौकीन मंडळी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘पिले’ म्हणतात. जीववैज्ञानिक मात्र रूपांतरण होईपर्यंत त्यांना ‘डिंभ’ म्हणतात. या नोंदीत दुसरा संकेत पाळला आहे.

जाती व नावांचा घोळ : या गटात सुमारे 30 जाती मोडतात. घरगुती प्रजननासाठी बहुधा अँफिप्रायॉन ओसेलॅरिस (क्यूव्ह्ये, 1830) व त्याचा निकटचा आप्त अँफिप्रायॉन पर्क्युला (लासेपेद, 1802) निवडतात. नारिंगी अंग व काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे दोहोंतही असल्याने नुसत्या नजरेने फरक कळत नाही. पाठीवरील परामध्ये (पोहण्याच्या पंखामध्ये) ओसेलॅरिसला सामान्यतः 11 व पर्क्युलाला 10 काटे असतात, परंतु अपवाद दोन्हीकडे आढळतात. पर्क्युलाचा आढळ उत्तर क्वीन्सलंड (ऑस्ट्रेलिया) व मेलानीशिया (नैर्ऋत्य पॅसिफिकमधील बेटे) या भागापुरता मर्यादित आहे. ओसेलॅरिस अंदमान समुद्रापासून पूर्वेकडे बराच पसरलेला आहे. जेरल्ड ॲलन यांनी 1972 मध्ये या गटाची वर्गीकरणात्मक पुनर्मांडणी केली. तत्पूर्वीच्या लिखाणात, आणि शौकिनांच्या बोलण्यात आजही, दोन्ही मासे ‘पर्क्युला’ या एकाच नावाखाली येतात. म्हणून जुन्या प्रजनन-नोंदींतील जातीचे नाव जसेच्या तसे स्वीकारू नये.

इतिहास : बंदिस्त पाण्यातील प्रजननाचा आरंभ नेमका कोणापासून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. यान व्हर्वे यांचा बटेव्हियाच्या (आजचे जाकार्ता) उपसागरातील विदूषक मासे व समुद्रपुष्पे (फुलासारखे दिसणारे सागरी प्राणी) यांच्या सहजीवनावरील 1930 चा अभ्यास पुढील बहुतेक लेखनाचा पाया समजला जातो. मोनॅको येथील गार्नो यांनी 1951 मध्ये या माशाच्या वर्तनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी मासा ‘पर्क्युला’ म्हणून नोंदवला आहे. टाकीत अंडी घातली जाणे हीच कसोटी मानली, तर आरंभ अशा नोंदींपर्यंत मागे नेता येतो. अंड्यांपासून विक्रीयोग्य मासे मोठ्या संख्येने तयार करणे ही कसोटी लावली, तर तो मान सामान्यतः फ्लॉरिडातील मार्टिन मो यांना, 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील कामाबद्दल दिला जातो. दुसरी कसोटी अधिक ग्राह्य वाटते. सुस्थितीतील जोडी अंडी आपण होऊन घालते. अडचण सुरू होते ती त्यानंतर.

जोडी : हा मासा पुंपूर्व उभयलिंगी आहे. प्रत्येक मासा आधी नर असतो आणि गटातील सर्वांत बलवान मासा मादी होतो. मादी नाहीशी झाल्यास तिचा जोडीदार मादीत बदलतो व खालच्या क्रमांकाचा मासा नराची जागा घेतो. हा बदल वर्चस्वाच्या दबावाने नियंत्रित होतो, हे फ्रिके दांपत्याने 1977 मध्ये दाखवले. ओसेलॅरिसवरील अलीकडच्या संशोधनानुसार मेंदूतील बदल जननग्रंथींच्या बदलाआधी बरेच दिवस घडतो. मादीचा पुन्हा नर होत नाही, असे सामान्यतः मानतात. म्हणून लहानमोठ्या आकाराचे दोन कोवळे मासे एकत्र ठेवणे हा जोडी जमवण्याचा निर्धोक मार्ग होय. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र आल्यास एक मरेपर्यंत झुंज चालू शकते. टाकीत समुद्रपुष्प असणे प्रजननासाठी आवश्यक नाही. मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडा पुरतो.

अंडी : अंडी घालण्याआधी जोडी निवडलेली जागा तोंडाने घासून साफ करते. अंडी लांबट असून सुमारे 2 ते 2.5 मिमी. भरतात व बारीक तंतूंनी पृष्ठभागाला चिकटतात. एका खेपेस काहीशे अंडी मिळतात. प्रथम ती पीतकामुळे (अंड्यातील अन्नसाठ्यामुळे) नारिंगी दिसतात, मग गडद होतात आणि शेवटी प्रत्येक अंड्यात डोळ्यांची रुपेरी चमक उमटते. ती दिसली की उबवण जवळ आली असे समजावे. परांनी वारा घालणे व मेलेली अंडी तोंडाने उचलून टाकणे ही कामे प्रायः नर करतो. सुमारे 27 ते 28 अंश से. तापमानास सहा ते आठ दिवसांत, दिवा मालवल्यानंतरच्या पहिल्या एकदोन तासांत अंडी फुटतात. पाणी थंड असल्यास अधिक दिवस लागतात. त्या संध्याकाळी फरशी उचलून वेगळ्या टाकीत ठेवतात व नराच्या वाऱ्याऐवजी खाली एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावतात. पर्याय म्हणून अंधारात एका कोपऱ्यात बॅटरीचा झोत धरतात. डिंभ प्रकाशाकडे गोळा झाले की ते भांड्याने पाण्यासकट उचलतात. जाळीने उचलल्यास ते जगत नाहीत. नव्या टाकीत पाणी जोडीच्याच टाकीतले भरतात. टाकीच्या बाजू काळ्या कागदाने झाकतात, नाहीतर डिंभ उजळ काचेवर डोकी आपटत राहतात.

डिंभांचे अन्न : डिंभ 3 ते 4 मिमी. लांब असतो. आर्टेमिया हा सूक्ष्म कवचधारी 1930 नंतरच्या दशकात मत्स्यडिंभांचे अन्न म्हणून पुढे आला, पण पहिल्या दिवसांत तो या डिंभाच्या तोंडाला मोठा पडतो. ही उणीव रोटिफर या त्याहून सूक्ष्म जलचराने भरून काढली. ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस (म्यूलर, 1786) हा मुळात जपानी वाम-तलावांतील उपद्रव म्हणून ओळखला जात होता. त्याच्या बेसुमार वाढीने तलावाचे पाणी एकाएकी पालटे. तोच जीव डिंभांना खाऊ घालण्याची कल्पना ताकाशी इतो यांनी 1960 मध्ये मांडली. पुढे संवर्धकांनी त्याचे आकारावरून ‘एल’ (कवच सुमारे 130 ते 340 मायक्रॉन) व ‘एस’ (100 ते 210 मायक्रॉन) असे दोन प्रकार केले. हे एकाच जातीचे प्रकार की भिन्न जाती, हा वाद दीर्घकाळ चालला. ‘एस’ प्रकाराला ब्रॅकिओनस रोटुंडिफॉर्मिस हे स्वतंत्र नाव मिळाले. आनुवंशिक पुराव्यावरून आता हा किमान 15 जातींचा समूह मानतात आणि तेच मत अधिक सयुक्तिक दिसते. विदूषक माशाच्या डिंभाला मात्र ‘एल’ प्रकारही गिळता येतो, त्यामुळे घरगुती पातळीवर या वादाचे व्यावहारिक मोल थोडे आहे.

अनुकूल स्थितीत रोटिफराच्या माद्या नराविना पिढ्यामागून पिढ्या वाढवतात. काचेच्या पेल्यातील नमुना उजेडासमोर धरला, तर गिरक्या घेणारे पांढरे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. भिंगाखाली अंडी वाहणाऱ्या माद्या ओळखू येतात व त्यांचे प्रमाण घटले की वाण ढासळू लागल्याचे कळते. नॅनोक्लोरोप्सिससारखे सूक्ष्म शैवल हे त्यांचे अन्न. तेच थोडे डिंभांच्या टाकीत घातल्यास तेथील रोटिफर उपाशी राहत नाहीत व प्रकाशही मंदावतो. मिलिलिटरमागे पाच ते दहा रोटिफर असावेत. खाणारा डिंभ शरीराला इंग्रजी ‘एस’प्रमाणे बाक देतो, क्षणभर थबकतो व झेपावतो, पोट फुगीर दिसले की अन्न मिळते आहे असे समजावे. थोडक्यात, येथे आधी रोटिफर पाळावे लागतात, मासे नंतर. अंडी दिसल्यावर वाणाची शोधाशोध करणाऱ्याची पहिली खेप सहसा वाया जाते.

आर्टेमिया साधारणपणे पाचव्या ते आठव्या दिवसापासून, रोटिफर चालू ठेवून, देतात. त्यात लांब साखळीची असंतृप्त मेदाम्ले कमी असल्याने त्याला ती आधी खाऊ घालतात. ही उणीव राहिल्यास वरकरणी धडधाकट डिंभ दिवा लागताच दचकून मरतात.

रूपांतरण : हे आठव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान होते. पारदर्शक डिंभ रंग धरतो, तळाकडे उतरतो आणि डोक्यामागचा पांढरा पट्टा प्रथम उमटतो. या टप्प्यावर मरतूक पुन्हा वाढते. पट्टे उमटण्याचे नियंत्रण थायरॉइड संप्रेरके करतात, असे 2021 मधील संशोधनातून दिसले. त्याच संशोधनात समुद्रपुष्पाच्या जातीनुसार पर्क्युलाचे पट्टे लवकर वा उशिरा उमटतात असेही आढळले. टाकीत वाढलेल्या माशांत तुटक वा अपुरे पट्टे वारंवार दिसतात. काही जण त्याचा दोष आनुवंशिकतेला, तर काही डिंभावस्थेतील अन्न व पाणी यांना देतात. एकाच जोडीच्या वेगवेगळ्या खेपांत अशा पिलांचे प्रमाण बदलत असेल, तर दुसऱ्या मताकडे झुकणे योग्य ठरेल.

आर्व्हेडलुंड व नील्सन यांच्या 1996 च्या प्रयोगांनुसार समुद्रपुष्पाच्या सान्निध्यात उबलेल्या ओसेलॅरिसच्या पिलांना त्याचा गंध ओळखता येतो. त्याविना उबलेली पिले त्याकडे तितक्या त्वरेने जात नाहीत. टाकीतील पिले समुद्रपुष्पाशेजारी अनेक दिवस अनोळख्यासारखी पोहतात, त्याची ही संगती असावी.

पुढील वाढ संथ असते. आकारानुसार उतरंड लवकर बनते व मोठी पिले लहानांचे पर कुरतडतात, म्हणून त्यांची आकारवार विभागणी करतात.