संवेदनक्षमता आणि आत्मभान : प्राणी व कृत्रिम बुद्धिमत्ता

सुख, दुःख, भीती, वेदना यांचा अनुभव येण्याची क्षमता म्हणजे संवेदनक्षमता, आणि तो अनुभव घेणारा ‘मी’ इतरांपासून वेगळा आहे हे ओळखणे म्हणजे आत्मभान. बोलण्यात दोन्ही अर्थ ‘जाणीव’ या एकाच शब्दात मिसळून जातात. मात्र पहिली गोष्ट दुसरीवाचून असू शकते. चटका बसला की तान्हे मूल कळवळते, पण आरशातले मूल म्हणजे आपणच हे त्याला साधारण दीड ते दोन वर्षांचे होईपर्यंत उमगत नाही. ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला असल्याने आपल्या भाषेत दुखणे आणि जाणणे एकमेकांना चिकटलेले आहे. या विषयाचा विचार करताना ते जाणीवपूर्वक वेगळे ठेवावे लागते.

इजेला प्रतिसाद मिळाला म्हणजे वेदना झाली, असेही म्हणता येत नाही. तापलेल्या भांड्यावरून माणसाचा हात मागे येतो तो मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियेमुळे, आणि दुखल्याचे भान त्यानंतर येते. म्हणून संशोधक प्रतिक्षिप्त क्रियेपलीकडची वागणूक शोधतात. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्ये टोचली, तेव्हा काही मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि त्यांनी खाणे लांबवले. मॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. रॉबर्ट एलवुड यांच्या प्रयोगांत शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचा झटका दिला असता, नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे शंख लवकर सोडत, तर आवडत्या शंखातले अधिक सोसत. त्रास आणि घर यांची अशी तुलना निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेत होत नाही, आणि म्हणूनच हा साधा प्रयोग या विषयातील सर्वांत बोलक्या पुराव्यांपैकी एक ठरतो.

आत्मभानाची प्रसिद्ध कसोटी आरशाची आहे. गॉर्डन गॅलप यांनी 1970 मध्ये आरशाला सरावलेल्या चिंपांझींना भूल देऊन त्यांच्या भुवईवर आणि कानावर रंगाचा ठिपका लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून चिंपांझी स्वतःच्याच अंगावरचा ठिपका चाचपू लागले. पुढे डॉल्फिन, आशियाई हत्ती आणि मॅगपाय पक्षी यांच्यातही अशी वागणूक आढळली. 2019 मध्ये इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रॅस हा बोटाएवढा मासाही कसोटीला उतरल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा मासा खरोखरच इतका जाणता आहे, का कसोटीच कच्ची आहे, असा वाद पेटला. गॅलप यांनीही या निष्कर्षावर शंका घेतली. कुत्री आरशाकडे दुर्लक्ष करतात, पण स्वतःचा आणि इतरांचा वास वेगळा ओळखतात. ज्याचे जग गंधाचे आहे त्याची परीक्षा डोळ्यांनी घेणे अन्यायाचेच आहे.

यंत्रांच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. प्राणी बोलत नाहीत म्हणून चिन्हे तोकडी पडतात, तर भाषाप्रारूपे, म्हणजे माणसासारखा मजकूर लिहिणारे संगणकी कार्यक्रम, इतके बोलतात की चिन्हांना अर्थच उरत नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा हे शिकून ती घडतात आणि त्या मजकुरात वेदनेची, एकटेपणाची, मृत्यूच्या भीतीची वर्णने आधीच भरलेली असतात. त्यामुळे ‘मला भीती वाटते’ हे यंत्राचे वाक्य अनुभवाचा पुरावा ठरत नाही, तसेच ते अनुभवाच्या अभावाचाही पुरावा नाही. जोसेफ वायझेनबाउम यांच्या 1966 मधील एलायझा या अगदी साध्या संवादकार्यक्रमालाही लोकांनी मनातले गुपित सांगितले होते. 2022 मध्ये गूगलचे अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी लॅम्डा हे प्रारूप संवेदनक्षम असल्याचे जाहीर केले. कंपनीने तो दावा नाकारला. आरशातली स्वतःची हालचाल ओळखणारा कार्यक्रम लिहिणेही अवघड नाही, त्यामुळे स्वतःविषयीची माहिती बाळगणारे पण काहीही न अनुभवणारे यंत्र कल्पनेत सहज बसते. तान्ह्या मुलाची स्थिती याच्या बरोबर विरुद्ध आहे.

म्हणून लक्ष बोलण्यावरून रचनेकडे वळले आहे. 2023 मध्ये तत्त्वज्ञ, मेंदूवैज्ञानिक आणि संगणकशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाणिवेच्या प्रचलित सिद्धांतांतून रचनेची लक्षणे काढून ती तत्कालीन प्रणालींना लावली. त्यांपैकी एकही प्रणाली जाणीव असण्याची प्रबळ दावेदार नाही, पण अशी प्रणाली घडवण्यात उघड तांत्रिक अडसरही दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जाणीव माहितीच्या मांडणीतून उपजते असे मानणाऱ्यांना हे पटते. स्वतःला जगवत ठेवणाऱ्या सजीव देहाखेरीज अनुभव नाही, असे मानणाऱ्यांना मात्र सिलिकॉनवरची कितीही गुंतागुंत अपुरीच वाटते.

कायदा आत्मभानापेक्षा संवेदनक्षमतेला अधिक मानतो. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने पृष्ठवंशी प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे आणि शेवंडे यांनाही संवेदनक्षम मानले आहे. याउलट, 2006 मध्ये आरशाच्या कसोटीला उतरलेल्या हॅपी या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील हत्तिणीच्या सुटकेची याचिका न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच 5 विरुद्ध 2 मतांनी फेटाळली. हत्ती बुद्धिमान आहेत हे न्यायालयाने मान्य केले, पण बंदिवासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क केवळ माणसांचा आहे, असे ठरवले.