स्वस्त सिंफनी-संचांची पूर्वपीठिका

पाश्चात्त्य वाद्यवृंदसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचा स्वस्त संच पारखताना वादनाच्याही आधी त्या स्वस्ताईचे कारण पाहावे लागते. सर्वांत जुने कारण पुनर्प्रकाशनाचे आहे. 1958 च्या सुमारास स्टिरिओ (दोन वाहिन्यांच्या) रेकॉर्ड बाजारात आल्या, जुन्या मोनो (एका वाहिनीच्या) ध्वनिमुद्रणांचा भाव उतरला आणि डेक्कासारख्या कंपन्यांनी ती ‘एस ऑफ क्लब्ज’ अशा दुय्यम नाममुद्रांखाली कमी दरात काढली. तेथे स्वस्त झाला तो काळ. वादक पहिल्या प्रतीचेच होते.

1982 मध्ये सीडी आली तेव्हा ती महाग होती. ती उणीव हेरून हाँगकाँगमध्ये स्थायिक झालेल्या क्लाउस हायमान या जर्मन व्यावसायिकाने 1987 मध्ये ‘नॅक्सॉस’ ही ध्वनिमुद्रण-कंपनी सुरू केली. ब्रातिस्लावा व बुडापेस्ट येथील वाद्यवृंदांना एकरकमी बिदागी द्यायची, रॉयल्टी ठेवायची नाही, नामवंतांच्या मागे लागायचे नाही आणि शक्यतो एका रचनेचे एकच ध्वनिमुद्रण करायचे, असे हे गणित होते. समीक्षकांनी प्रारंभी नाके मुरडली, आणि सुरुवातीच्या काही सीडींबाबत ते रास्तही होते. परंतु याच कंपनीसाठी वाद्यवृंद-संचालक वासिली पेत्रेन्को यांनी लिव्हरपूलच्या वाद्यवृंदासह केलेल्या रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या दहाव्या सिंफनीला 2011 मध्ये ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश संगीत-मासिकाचा पुरस्कार मिळाला.

काही संच मात्र खोट्या नावांवर विकले गेले. आल्फ्रेड शोल्झ या ऑस्ट्रियन निर्मात्याने बाजारात आणलेल्या ध्वनिमुद्रणांवर झळकणारा ‘अल्बेर्तो लित्सिओ’ हा वाद्यवृंद-संचालक मुळात अस्तित्वातच नव्हता. अशा संचात खरे वादक कोण, हे कानांनीच ताडावे लागते, आणि तेही दर वेळी साधत नाही.

युरोपात ध्वनिमुद्रणांचे हक्क पूर्वी 50 वर्षांनी संपत. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशाने ती मुदत 70 वर्षे झाली, तरी 1963 पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे पुन्हा संरक्षणाखाली आली नाहीत. फुर्टव्हेंग्लर आणि तोस्कानिनी या जुन्या वाद्यवृंद-संचालकांचे गठ्ठे स्वस्त मिळतात ते त्यामुळे. तोस्कानिनींच्या बाबतीत त्यांची ध्वनिमुद्रणे जेथे झाली त्या न्यूयॉर्कच्या 8-एच स्टुडिओचा कोरडा आवाज तेवढा सोसावा लागतो.

‘ब्रिलियंट क्लासिक्स’च्या 2005 मधील 170 सीडींच्या मोत्सार्ट संचात तर वादनाच्या दोन वाटा एकत्र आल्या आहेत. सिंफनी याप तेर लिंडेन यांच्या ऐतिहासिक धाटणीच्या (त्या काळच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या) वाद्यवृंदाच्या आहेत, तर डेरेक हान यांचे पियानो कॉन्चेर्तो (पियानो व वाद्यवृंद यांच्या रचना) आधुनिक वाद्यवृंदासह वाजवलेले आणि परवान्यावर घेतलेले आहेत. तेव्हा त्या संचाला सरसकट एकच गुण देणे अवघड आहे.