बीळ स्वतःचं आणि बीळ उसनं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पाणथळ भागांत दोन जीव सापडतात: स्टार-नोज्ड मोल हा सस्तन प्राणी आणि हाइन्स एमराल्ड नावाचा चतुर. बिळावाचून दोघांचंही भागत नाही. खणतो मात्र एकटा मोल.

चिचुंद्रीच्या दूरच्या नात्यातला हा प्राणी जेमतेम 50 ग्रॅमचा. पुढचे पंजे फावड्यासारखे, डोळे नावापुरते. नाकाभोवती 22 गुलाबी मांसल बोटं आणि त्यांवर स्पर्श टिपणारी सुमारे 25 हजार सूक्ष्म इंद्रियं. मिट्ट काळोखात हे नाक मातीला टेकवत तो पुढे सरकतो. भक्ष्य लागलं की ते ओळखून गिळायला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. पाण्याखाली त्याची युक्ती आणखी भारी: नाकातून बुडबुडा सोडायचा, तो वस्तूला लागला की परत आत ओढायचा आणि वास घ्यायचा! जीवशास्त्रज्ञ केनेथ कॅटानिया यांनी 2006 मध्ये हे दाखवून दिलं.

चतुर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंखच येतात. हाइन्स एमराल्डचं हिरव्या डोळ्यांचं ते उडतं रूप काही आठवडेच टिकतं. त्याआधीची चार-पाच वर्षं तो पंख नसलेल्या डिंभाच्या, म्हणजे पिल्लाच्या रूपात, झिरपत्या भूजलाच्या उथळ ओहोळांत काढतो. उन्हाळ्यात ओहोळ आटले की डिंभ क्रेफिशच्या बिळात उतरतो. क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्याचा भाऊबंद, पार भूजलापर्यंत खणतो. त्यामुळे तळाशी ओल राहते. डिंभाचा हिवाळाही तिथेच जातो. गंमत म्हणजे हा घरमालक अधूनमधून भाडेकरूलाच खातो. तरी बाहेर वाळून मरण्यापेक्षा हा धोका परवडतो.

मोलला ओलसर, भुसभुशीत माती मिळाली की पुरे. त्याच्या प्रजातीला सध्या धोका नाही. चतुराच्या गरजा मात्र एकात एक अडकलेल्या: खाली चुनखडीच्या जातीचा खडक, वर पातळ माती, बारमाही झिरपा, शिवाय खणणारा क्रेफिश. उपसा वाढून भूजल खाली गेलं की बीळही कोरडं पडतं. ओहायोतल्या नमुन्यांवरून 1931 मध्ये या चतुराला शास्त्रीय नाव मिळालं. आता तो तिथे आढळत नाही. 1995 पासून अमेरिकी सरकारच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ज्याच्या बिळावर तो तगतो, त्या क्रेफिशची बिळं बुजली तर यादीतल्या नावाचा त्याला काय उपयोग?