लॅटिना ट्रान्स स्त्रिया आणि एचआयव्ही

लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आलेल्या, किंवा तिथेच अशा घरात जन्मलेल्या ट्रान्स स्त्रियांचे एचआयव्हीसह जगणे हा या नोंदीचा विषय आहे. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. मराठीत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रुळला आहे, पण त्याच्यामागोमाग घराणी, गुरू-चेले, टाळी असे सगळे डोळ्यांपुढे येते. इथल्या स्त्रिया स्वतःला स्पॅनिशमध्ये सरळ ‘मुखेर त्रान्स’, म्हणजे ट्रान्स बाई म्हणवतात. त्यामुळे इथे ‘ट्रान्स स्त्री’ हाच शब्द वापरला आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१९-२० मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा, न्यू ऑर्लीन्स, फिलाडेल्फिया आणि सिअॅटल या ७ शहरांत १,६०८ ट्रान्स स्त्रियांशी बोलून पाहणी केली. तपासणी झालेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण ६२ टक्के, लॅटिनांमध्ये ३५ आणि गोऱ्यांमध्ये १७ होते. एकीने दुसरीला आणायचे, दुसरीने तिसरीला, अशा ओळखीच्या साखळीतून या स्त्रिया गाठल्या होत्या, त्यामुळे हे आकडे साऱ्या देशाला लावणे बरोबर नाही. तरीही गोऱ्या आणि लॅटिना स्त्रियांमधली दुपटीची तफावत डोळ्याआड करता येत नाही. याच पाहणीत ६३ टक्के स्त्रिया दारिद्र्यरेषेवर किंवा तिच्याखाली जगत होत्या आणि ४२ टक्क्यांना मागच्या वर्षभरात कधी ना कधी घराविना राहावे लागले होते.

लागणीचे मूळ शरीरात शोधू लागले की हाती फारसे काही लागत नाही. ते शोधायचे तर कागदपत्रांकडे जावे लागते. ओळखपत्रावर पुरुषाचे नाव आणि समोर उभी बाई, म्हणून नोकरी मिळत नाही. त्यातून व्हिसाही नसेल तर मोलमजुरीचेही दार अर्धेच उघडते. मग पुष्कळजणींना देहविक्रय करावा लागतो. तिथे निरोध हवाच, पण अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलीस पर्समधले निरोध हाच धंद्याचा पुरावा धरत. म्हणून बाया ते जवळ बाळगायलाच घाबरत. न्यूयॉर्क राज्यात १९७६ च्या एका कायद्याखाली ‘धंद्यासाठी रेंगाळण्या’बद्दल अटक करता येई. संध्याकाळी किराणा आणायला निघालेली ट्रान्स बाईही त्यात सापडे. हा कायदा फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द झाला.

उपचारांची बाजू त्या मानाने सोपी झाली आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या गोळ्या रोज घेतल्या तर बहुतेकींच्या रक्तातले विषाणूचे प्रमाण सहा महिन्यांच्या आत चाचणीत न सापडण्याइतके खाली येते आणि मग लैंगिक संबंधांतून लागण पुढे जात नाही. स्पॅनिशमध्ये याला ‘इंदेतेक्ताब्ले, इंत्रान्समिसिब्ले’, म्हणजे ‘चाचणीत न सापडणारा, पुढे न जाणारा’ म्हणतात. गरीब आणि विमा नसलेल्यांसाठी १९९० चा रायन व्हाइट कायदा आहे. त्यातल्या सेवांसाठी नागरिकत्वाची अट नाही, हे कित्येकींच्या कानावर उशिरा पडते.

खरी ओढाताण होते ती हार्मोनवरून. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने चेहरा मऊ होतो, छाती भरते. बाई म्हणून रस्त्यावर निभावून नेण्यासाठी ते औषध आधी लागते, एचआयव्हीचे नंतर. गोळ्यांमुळे हार्मोनचा परिणाम उतरेल अशी धास्ती सर्रास असते. ती अगदीच निराधार नाही. एफाविरेन्झसारखी जुनी औषधे आणि रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅटची जोड असलेली औषधे इस्ट्रोजेनच्या पातळीत ढवळाढवळ करू शकतात. डोल्युटेग्राविर, बिक्टेग्राविर या नव्या औषधांबाबत ती भीती उरलेली नाही. रोजच्या गोळीला पर्याय म्हणून २०२१ पासून कॅबोटेग्राविर-रिल्पिविरिनचे इंजेक्शन निघाले आहे. पण ते नितंबाच्या स्नायूत द्यावे लागते, आणि डॉक्टर परवडत नाही म्हणून याच जागी कुणाकडून तरी सिलिकॉन भरून घेतलेल्या स्त्रिया कमी नाहीत. सुई स्नायूपर्यंत पोचेल याची मग खात्री राहत नाही.

लागण टाळणाऱ्या गोळीचीही कथा अशीच. ज्या आयप्रेक्स चाचणीमुळे ‘प्रेप’ जगाला मिळाले तिच्यातले बहुतेक सहभागी पेरू आणि इक्वेडोरचे होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा २,४९९ जणांत ट्रान्स स्त्रिया किती, हा प्रश्न बाजूलाच राहिला होता. पुढे नीट मोजल्यावर त्या ३३९ निघाल्या. त्यांच्यात गोळीचा एकूण फायदा दिसला नाही, कारण लागण झालेल्यांपैकी एकीच्याही रक्तात त्या वेळी औषध सापडले नाही. हार्मोन घेणाऱ्यांच्या रक्तात तर ते एरवीही कमीच आढळले.

स्थलांतराचा कायदा या आजाराशी फार आधीपासून जोडलेला आहे. १९८७ पासून ४ जानेवारी २०१० पर्यंत एचआयव्हीबाधित परदेशी व्यक्तीला अमेरिकेत प्रवेशबंदी होती. बंदी उठली, पण कोठड्या आधीही होत्या आणि नंतरही राहिल्या. मेक्सिकोची २३ वर्षांची व्हिक्टोरिया आरेयानो जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो इथे स्थलांतर खात्याच्या ताब्यात वारली. एड्समध्ये फुप्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी तिला हवे होते डॅप्सोन. कुष्ठरोगामुळे आपल्याकडे घरोघर नाव ठाऊक असलेली ही स्वस्त गोळी तिला मिळाली नाही. ताप चढला तेव्हा बरोबरच्या कैद्यांनी टॉवेल पाण्यात भिजवून तिच्या अंगावर ठेवले, उलटीसाठी पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि शेवटी हजेरीच्या रांगेत उभे राहायला नकार देऊन ‘हॉस्पिटल, हॉस्पिटल’ असा घोष केला. होंडुरासच्या रोक्साना एर्नांदेसने ९ मे २०१८ रोजी सीमेवर आश्रय मागितला आणि २५ मे रोजी न्यू मेक्सिकोतल्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. सरकारी शवविच्छेदनाने कारण एड्सशी निगडित आजार दिले, तर कुटुंबाच्या बाजूने झालेल्या तपासणीत मारहाणीच्या खुणा नोंदल्या गेल्या. एल साल्वादोरची योहाना मेदिना २०१९ मध्ये अशीच गेली. एचआयव्हीचा अहवाल आला त्याच दिवशी तिला कोठडीतून मोकळे करण्यात आले होते. चार दिवसांनी ती वारली.

या स्त्रियांनी आपली व्यवस्था आपणच उभी केली. ग्वादालाहाराहून आलेल्या, स्वतः एचआयव्हीबाधित असल्याचे उघडपणे सांगणाऱ्या बँबी साल्सेदो यांनी इतर स्थलांतरित साथीदारांसह २००९ मध्ये लॉस एंजेलिसला ट्रान्सलॅटिन@ कोअलिशन काढली. नावातले ते ‘@’ ई-मेलमधले नव्हे. स्पॅनिशमध्ये पुल्लिंगाचा ‘ओ’ आणि स्त्रीलिंगाचा ‘आ’ त्या एकाच चिन्हात मावतात.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लोरेना बोर्हास यांचे काम संस्थेपेक्षा शेजारधर्माच्या जवळचे होते. मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझच्या या बाई रात्री डोक्यावरून लोकल धडधडत जाणाऱ्या रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर छोटी ढकलगाडी घेऊन फिरत. गाडीत निरोध आणि खाण्याचे डबे असत. आठवड्यातून एकदा त्यांच्या घरीच एचआयव्हीची तपासणी चाले आणि हार्मोन टोचून घेणाऱ्या मुलींना जुन्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया मिळत. नव्वदच्या दशकातल्या शिक्षांमुळे त्यांच्यावरच हद्दपारीची टांगती तलवार होती. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली आणि २०१९ मध्ये त्या नागरिक झाल्या. ३० मार्च २०२० रोजी कोविडने त्यांचे निधन झाले. पकडल्या गेलेल्या ट्रान्स स्थलांतरितांचा जामीन भरण्यासाठी २०१२ मध्ये सुरू झालेला निधी त्यांच्याच नावाचा आहे.