पद्मिनी सकाळी लवकर सुरू होत नाही? नवा एसी पंप (इंजिनवरचा पेट्रोलचा पंप) घेण्याआधी हे तपासा

घरी इंजिन बांधलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी आमच्या गॅरेजचं माहितीपत्रक

वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी घराच्या पार्किंगमध्ये उघडून, रविवारमागून रविवार खपून पुन्हा उभी करणारे बरेच मालक आमच्याकडे येतात. इंजिन गोड चालतं, रंगही सुरेख बसलेला असतो. तक्रार एकच असते: गाडी दोन दिवस उभी राहिली की पुष्कळ वेळ सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही, आणि एकदा उचलली की दिवसभर त्रास नाही. हातात बहुतेक वेळा नव्या एसी पंपाचा खोका असतो. पंप बदलूनही दुखणं जात नाही तेव्हाच ते आमच्याकडे आलेले असतात. घरी बांधलेल्या गाडीत पंप स्वतः दोषी क्वचितच निघतो, असा आमचा अनुभव आहे. दोष असतो पंपाच्या आधी, पंपाच्या नंतर किंवा पंप बसवण्याच्या पद्धतीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी या तिघींचं इंजिन १०८९ सीसीचंच आणि टाकी मागे, इंजिन पुढे. त्यामुळे पुढची माहिती तिघींनाही लागू आहे.

पंप प्रेशर कसं तयार करतो?

कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाचा लिव्हर ढकलतो, लिव्हर डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, खाली ओढतो आणि टाकीतून पेट्रोल येतं. ते कार्बोरेटरकडे ढकलण्याचं काम मात्र कॅम करत नाही. ते डायफ्रामखालची स्प्रिंग करते. म्हणजे प्रेशर ठरतं त्या स्प्रिंगवर, इंजिनच्या वेगावर नाही. कार्बोरेटरची वाटी भरली की निडल व्हॉल्व्ह बंद होतो, डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. अशा पंपाला २ ते ४ पीएसआय प्रेशर पुरतं. मोटरसायकलच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट हवा असते, यावरून हा आकडा किती नाजूक आहे ते लक्षात येईल. तो कमी झाला तर वाटी रिकामी राहते, आणि जास्त झाला तर निडल उचलली जाऊन कार्बोरेटर ओव्हर होतो, म्हणजे पेट्रोल ओसंडतं. दोन्ही वेळा गाडी सुरू होत नाही, पण उपाय अगदी उलटे आहेत.

पहिली परीक्षा, पाना न लावता

रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचा एअर क्लीनर सकाळी सेल्फ मारण्याआधी काढा. बॅटरीने कार्बोरेटरच्या घशात उजेड टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदा पूर्ण फिरवा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. मग पेट्रोलच्या मागे लागू नका. ठिणगीची बाजू बघा: डेल्को (डिस्ट्रिब्यूटर), पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग. धार आली नाही तर बहुधा वाटी रिकामी आहे आणि पुढचं वाचायला हवं. घसा आधीच ओला असेल, पेट्रोलचा वास सुटला असेल, तर निडल किंवा फ्लोटकडे (वाटीतल्या तरंगत्या पोकळ तुकड्याकडे) वळा. फ्लोट काढून कानाजवळ हलवा; आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोक पडून जड झाला आहे. नवं किट टाकताना निडलखालच्या वॉशरची जाडी बदलली तरी वाटीतली पातळी बदलते: वॉशर पातळ तर पातळी वर, जाड तर खाली. जुना वॉशर मोजल्याशिवाय फेकू नका.

गाडी दोन-तीन आठवडे उन्हाळ्यात उभी असेल तर वाटीतलं पेट्रोल उडून जाणारच. पंपाला हाताने दाबायचा दांडा असेल तर सेल्फच्या आधी तो दहा-बारा वेळा दाबा. एवढ्याने गाडी लगेच उचलली तर तिच्यात काही दोष नाही.

पॅकिंग आणि न दिसणारी गळती

मागे आमच्याकडे आलेल्या एका गाडीला तीन पंप बसवून झाले होते. पंप आणि ब्लॉक यांच्यामधून तेल झिरपत होतं म्हणून मालकांनी जुन्या पॅकिंगवरच नवं पॅकिंग लावलं होतं, वर लेप वेगळा. पंप ब्लॉकपासून तेवढा लांब गेला आणि लिव्हरचा हेलकावा कमी झाला. इंजिन वेगात असताना पेट्रोल पुरायचं, पण सेल्फच्या संथ गतीत पुरत नव्हतं. पॅकिंग मोजून एकच बसवलं आणि गाडी सुधारली. उलटं झालं, म्हणजे पॅकिंग फार पातळ झालं किंवा मधला जाड तुकडाच राहून गेला, तर लिव्हरवर जादा ताण येतो आणि डायफ्राम फाटतो. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल थेट ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी अजिबात चालवू नका, कारण पातळ झालेल्या ऑईलने बेअरिंगं जातात.

दुसरं कारण पंपाच्या मागच्या बाजूला असतं. पंपाच्या पुढे गळती झाली तर पेट्रोल टपकताना दिसतं. टाकीपासून पंपापर्यंत मात्र पंप पेट्रोल ओढत असतो, म्हणून तिथल्या फटीतून बाहेर काहीच येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब नाही म्हणून मालक निर्धास्त असतात. पंपाच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग, टाकीजवळचा रबरी पाईप, क्लिपा आणि पाईपचं पसरवलेलं टोक या जागा आधी बघा. टाकी रंगवताना हवेची वाट रंगाने बुजलेलीही आम्ही पाहिली आहे. गाडी थोडी चालवून टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला तर उत्तर मिळालं. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका.

प्रेशर आणि पुरवठा मोजणे

कार्बोरेटरकडे जाणारा पाईप काढून पत्र्याच्या डब्यात सोडा. काचेची बाटली नको, हातातून निसटली तर फुटते. कॉईलकडे स्विचवरून येणारी वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि पंधरा सेकंद सेल्फ मारा. ठोके ठोके घेत निदान अर्धा चहाचा कप पेट्रोल यावं, हा आमचा ठोकताळा. मग पाईपमध्ये टी लावून गेज जोडा आणि गाडी सुरू करून बंद करा. काटा काही मिनिटं टिकायला हवा. लगेच पडला तर कार्बोरेटरकडचा रबरी पाईप चिमटून पुन्हा बघा: आता काटा टिकला तर निडल गळते, तरीही पडला तर पंपाचे व्हॉल्व्ह. ही कामं उघड्यावर करा, जवळ विझवण्याचा सिलिंडर ठेवा, आणि गरम इंजिनवर करू नका.

नवं पेट्रोल, जुना रबर

पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळातला रबर आणि कॉर्क त्यासाठी बनवलेला नव्हता. तो फुगतो, मऊ होतो, मग चिरतो. नवा डायफ्राम आणि पाईप घेताना इथेनॉल चालणाराच मागा. पाईपवर जे३० आर९ (पेट्रोलच्या पाईपाचं एक मानक) छापलेलं असेल तर तो घ्यायला हरकत नाही. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, म्हणून पावसाळाभर उभ्या गाडीत जुनं पेट्रोल साठवू नका.

गरम गाडी सुरू होत नसेल तर दुखणं वेगळं आहे. पूर्वी घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते पाईपात झालेली वाफ पुन्हा पेट्रोल व्हावी म्हणून. पाईप आणि फिल्टर एक्झॉस्टपासून दूर बांधा, कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा तुकडा जागेवर आहे ना ते बघा, आणि अशा वेळी चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल

इंजेक्शनच्या गाडीचा पंप पद्मिनीला कृपा करून लावू नका. त्याचं प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास असतं, निडल ते अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. लावायचाच तर २ ते ४ पीएसआयचा, टाकीजवळ आणि खालच्या पातळीला, इंजिन थांबताच बंद होणारा लावा. जुना एसी पंप त्याच पाईपात ठेवू नका. त्याचा डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ऑईलमध्ये भरत राहील. आमचं मत विचाराल तर नीट बसवलेला एसी पंप या गाडीला पुरतो.

आमच्याकडे गाडी आणण्याआधी ती रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता आम्हाला बोलवा. सुरू करून आणलेल्या गाडीत हा दोष सापडायला वेळ जातो. काढलेले जुने पंप, पॅकिंग आणि वॉशर पिशवीत घालून ठेवा. फाटका डायफ्राम असला तरी टाकू नका, तो कुठे फाटला आहे ते आम्हाला बघायचं असतं.