46 चे 23 होतात म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं (डीएनएचे गुंडाळलेले धागे) असतात, म्हणजे 23 जोड्या, जोडीतलं एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. जवळपास म्हणायचं कारण, रक्तातल्या लाल पेशी तयार होतानाच केंद्रक बाहेर टाकतात त्यामुळे तिथे एकही नसतं, आणि लिव्हरच्या काही पेशींत उलट दुप्पट असतात. हा 46 आकडा तसा नवाच, 1956 साली त्यो आणि लेवान या शास्त्रज्ञांनी नीट मोजून दाखवेपर्यंत पुस्तकांत 48 छापलेलं असायचं.

शुक्राणू आणि स्त्रीबीजात मात्र 23. हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं, पण कुठलीही 23 उचलून भागत नाही हे कोणी सांगत नाही. प्रत्येक जोडीतलं बरोब्बर एक हवं. एक नंबरची दोन्ही आली आणि दोन नंबरचं एकही नाही, तर मोजायला 23 भरली तरी उपयोग शून्य.

म्हणून वाटणीच्या आधी जोडीदार सापडायला लागतो. गुणसूत्र आधी स्वतःची कॉपी काढतं, मग चपलांच्या ढिगातून आपला जोड शोधावा तसं बाकीच्या 45 मधून आपलं शोधतं, आणि हे जमतं कसं तर पेशी स्वतःहून डीएनए ठिकठिकाणी कापते! कापलेली टोकं आपल्यासारखा क्रम कुठे आहे ते चाचपत जातात, आणि परत सांधताना काही ठिकाणी आईकडचा तुकडा वडिलांकडच्या गुणसूत्रात आणि तिकडचा इकडे जातो. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण या अदलाबदलीनेच जोडी घट्ट धरली जाते आणि पहिल्या विभाजनात ओढल्यावर एक इकडे, एक तिकडे नीट जातं. एक्स आणि वायचं तर फक्त टोकांशी जुळतं, तेवढ्यावर निभावतं. मग दुसऱ्या विभाजनात त्या कॉप्याही वेगळ्या होतात.

खेचराचं बघा. घोड्याची 64, गाढवाची 62, म्हणून खेचराला 63. शरीर एकदम धडधाकट, कारण साध्या पेशी नुसती कॉपी करून वाटतात, तिथे जोडीदार लागतच नाही. पण प्रजनन पेशी बनवायची वेळ आली की जोड्या नीट जुळत नाहीत आणि सगळं अडतं, त्यामुळे खेचराला पिल्लं जवळजवळ होतच नाहीत.

माणसात शुक्राणू वयात आल्यापासून सतत नवे बनत राहतात, एक तयार व्हायला साधारण अडीच महिने. स्त्रीबीजाचं मात्र वेगळंच आहे, हे विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं, जोड्या जुळतात आणि तिथेच थांबतं, ते वयात आल्यावर दर महिन्याला एखादंच पुढे सरकतं. काहींना तर 40 वर्षं तसंच थांबावं लागतं, आणि तेवढ्या काळात गुणसूत्रं धरून ठेवणारी प्रोटीन्स सैल पडत जातात. मग एखाद्या वेळी 21 नंबरची दोन्ही एकाच बाजूला जातात आणि बाळाला तीन मिळतात, तोच डाऊन सिंड्रोम. वाढत्या वयात याची शक्यता वाढते ती यामुळेच, पण तरुण आईच्या बाळालाही तो होऊ शकतो, यात कोणाचीही चूक नसते.

आणि बाहेर पडलेल्या स्त्रीबीजातही दुसरं विभाजन अर्धवटच असतं, शुक्राणू आत शिरला की मगच ते पुरं होतं.