पुसलं गेलं, की आठवेना?

चहाचा कप अजून समोरच आहे, तळाशी चोथाही ओला आहे. तरी आजी विचारते, "आज मला चहा दिलाच नाही का गं कुणी?" तीच आजी माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते न अडखळता सांगते. घरात अल्झायमरचं माणूस असलेल्यांना हे रोजचंच. आपण म्हणतो, 'ती विसरली'. पण मराठीत 'आठवेना' असाही शब्द आहे. पहिल्यात गोष्ट गेलेली असते. दुसऱ्यात ती असते, फक्त हाताला लागत नसते. अल्झायमरच्या संशोधनात हा फरक फार मोलाचा ठरला आहे.

मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना बहुतेक ठिकाणी चिकटलेल्या नसतात. मधल्या सूक्ष्म फटीतून रसायनांच्या रूपात निरोप पोचतो. या जोडाला सिनॅप्स म्हणतात. हे जोड वापराप्रमाणे घट्ट किंवा सैल होतात. ऑस्लोमध्ये 1966 साली संशोधक तेर्ये लोमो यांना सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, दिसलं, की विजेच्या झटपट स्पंदनांचा छोटासा मारा केला तर तिथला जोड पुढे कितीतरी तास जास्त जोरात प्रतिसाद देत राहतो. टिम ब्लिस यांच्यासोबतचा त्यांचा सविस्तर निबंध 1973 मध्ये आला.

यामागची रचना मला दर वेळी थक्क करते. निरोप घेणाऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचं एक दार असतं आणि त्याला मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसता निरोप आला तर बूच हलत नाही. निरोप येताना ती पेशीही आधीच उत्तेजित असेल, तरच ते निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम भरपूर आलं, की निरोप टिपणारे आणखी रेणू पृष्ठभागावर येतात आणि जोड बळकट होतो. ते हळूहळू, थोडंथोडं आलं तर हेच रेणू आत ओढले जातात आणि जोड सैल पडतो. शिकण्यासाठी दोन्ही लागतं.

सकाळच्या चहाची आठवण हिप्पोकॅम्पसच्या अशाच ताज्या जोडांवर उभी असते. विहिरीची आठवण मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, केव्हाच मुरलेली असते, म्हणून ती जास्त काळ तग धरते.

अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये रुग्णाच्या मेंदूतल्या गुठळ्यांचं वर्णन केलं, आणि पुढे बरीच वर्षं लक्ष त्या गुठळ्यांवरच खिळून राहिलं. पण 1991 मध्ये रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रुग्णाची बुद्धी किती खालावली याचा अंदाज गुठळ्यांपेक्षा उरलेल्या जोडांवरून जास्त चांगला येतो. 2002 मध्ये डॉमिनिक वॉल्श, डेनिस सेल्को आणि सहकाऱ्यांना आढळलं, की गुठळ्या ज्याच्या बनतात त्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे विरघळलेले छोटे पुंजके उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जोडांची बळकटीच रोखतात. म्हणजे पेशी मरण्याच्या कितीतरी आधी पारडं सैल पडण्याकडे झुकलेलं असतं.

लेकॅनेमॅब हे औषध मेंदूतलं अमायलॉइड उपसतं. मोठ्या चाचणीत 18 महिन्यांत रुग्णांची घसरण त्याने 27 टक्क्यांनी मंदावली. थांबली मात्र नाही. त्यात मला नवल वाटत नाही, कारण कचरा काढल्याने तुटलेले जोड आपोआप जुळत नाहीत.

मग ते जोडता येतील का? एमआयटीत धीरज रॉय, सुसुमू टोनेगावा आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले उंदीर घेतले. एका खोक्यात त्यांच्या पायांना हलका झटका दिला. दुसऱ्या दिवशी निरोगी उंदीर त्या खोक्यात भीतीने गोठून उभे राहिले. आजारी उंदीर बिनधास्त फिरत होते. पण ती आठवण साठवणाऱ्या पेशींवर खूण करून, त्या प्रकाशाने चेतवता येतील अशी सोय केलेली होती. त्यांच्यावर निळा प्रकाश टाकताच आजारी उंदीरही गोठले. आठवण आत होतीच! प्रकाश बंद झाला, की मात्र ती पुन्हा हरवायची. त्या पेशींवरचे जोड जिथे बसतात ते इवले काटेच कमी झाले होते. मग संशोधकांनी प्रकाशाच्या वेगवान स्पंदनांनी, लोमोंच्या पद्धतीला जवळच्या रीतीने, नेमके तेच जोड बळकट केले. काटे परत आले.

माणसाच्या मेंदूत असं करता येत नाही, आणि आजार फार पुढे गेला तर पेशीच उरत नाहीत. पण त्या उंदरांना काही दिवसांनी पुन्हा त्याच खोक्यात सोडलं, प्रकाश न टाकता, तेव्हा ते आपले आपण थबकले.